वेलदूरच्या बायका आणि कपाटातला करार

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने कधी आलात, तर खाडीच्या तोंडाकडे, समुद्राच्या बाजूला, मोठाल्या चिमण्या दिसतात. बोटीवरचा एखादा मुंबईचा पाहुणा हमखास विचारतो, "हे काय आहे हो?" आणि इकडचं कोणीतरी सांगतं, "एन्रॉन." ती कंपनी बुडून वीस वर्षं उलटून गेली. कारखाना आता सरकारी कंपनीकडे आहे, पाटीवर नाव वेगळं आहे. पण गुहागर तालुक्यात तो अजून एन्रॉनच. तेव्हा कागदावरचं नाव होतं दाभोळ वीज कंपनी. आता दाभोळ तर खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात, आणि कारखाना अलीकडे, अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या बाजूला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या गावाचं नावसुद्धा पाटीवर लागलं नाही.

आपल्या या छोट्या रेडिओला स्वतःच्या बातम्या सांगायची परवानगी नाही. सामुदायिक रेडिओचा नियमच तसा आहे. शेती सांगा, आरोग्य सांगा, गाणी लावा, पण बातमी नको. गंमत अशी, की १९९५ साली सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. असो. इतिहास सांगायला बंदी नाही. म्हणून आज मी तुम्हाला तीसेक वर्षांपूर्वीचा इतिहास सांगणार आहे. आपल्याच जिल्ह्यातला, आणि आपल्याच लाइट बिलातला.

जून १९९२. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीची माणसं भारतात आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी, म्हणजे आपण ज्याला एमएसईबी म्हणायचो त्याच्याशी, त्यांचा पहिला सामंजस्य करार झाला २० जूनला. माणसं येऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. मुलीचं लग्न जमवताना आपण याहून जास्त चौकशी करतो. दुसऱ्या कंपन्यांकडून भाव मागवले नाहीत. गावात चार हजारांचं काम काढलं तरी दोन-तीन दरपत्रकं लागतात. हा प्रकल्प पुऱ्या आकाराला गेला असता तर दोन हजार मेगावॉटच्या वरचा, सुमारे ३०० कोटी डॉलरचा होता. तोवर भारतात आलेली परदेशी गुंतवणूक बघितली तर सगळ्यांत मोठी.

१९९३ मध्ये जागतिक बँकेने कळवलं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, आम्ही कर्ज देणार नाही. सावकार म्हणतोय की धंदा बुडीत आहे, तर घरची माणसं एकदा तरी थांबून विचार करतात. सरकार थांबलं नाही. ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदीचा करार झाला. वीस वर्षांसाठी. १९९४ मध्ये मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकार भरेल अशी हमी आणि राज्याने थकवले तर केंद्र भरेल अशी प्रतिहमीही दिली गेली.

करारात होतं काय? सोपं करून सांगते. समजा आपल्या बचत गटाने आंबे वाहायला टेम्पो ठरवला. मालकाची अट अशी: टेम्पो तयार उभा असला की भाडं सुरू. तुम्ही पेटी भरा नाहीतर भरू नका, भाडं द्यायचं. डिझेलचे पैसे वेगळे. भाड्याचा हिशेब डॉलरमध्ये, म्हणजे रुपया घसरला की भाडं आपोआप वर. आणि वीस वर्षं करार मोडायचा नाही. अशा कागदावर आपल्या गटाच्या अध्यक्षबाईंनी सही केली असती का? मला नाही वाटत. निदान आधी गटापुढे ठेवला असता. करार झाला त्या साली डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांचा होता, २००१ मध्ये सेहेचाळीस-सत्तेचाळीसचा झाला. म्हणजे त्या टेम्पोचं भाडं आठ वर्षांत दीडपट, टेम्पो एक पेटीही जास्त न वाहता.

आणि आजच्या विषयाचा मुद्दा हा, की वीस वर्षांचा हा कागद लोकांना बघायला मिळत नव्हता. ज्यांनी बिल भरायचं त्यांना नाही, ज्यांची जमीन जायची त्यांना नाही. कारण दिलं जायचं की हे व्यापारी गुपित आहे. त्या वेळच्या वीज कायद्यात मोठ्या योजनेची माहिती राजपत्रात आणि वर्तमानपत्रात देऊन दोन महिन्यांत हरकती मागवायची तरतूद होती. पण राजपत्र आपल्या वाडीत कोण वाचतं? तुम्ही कधी पाहिलंय? मी चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा पाहिलं. त्यातलं मराठी वाचून वाटलं, हे आपल्यासाठी लिहिलेलंच नाही.

कागद दडवायची ही सवय इंग्रजांच्या वेळेपासूनची. १९२३ मध्ये त्यांनी शासकीय गुपितांचा कायदा केला. राज्य परक्यांचं, तेव्हा त्यांना इथल्या लोकांपासून लपवायला कारण होतं. इंग्रज गेले, कायदा राहिला. कारकुनापासून सचिवापर्यंत सगळ्यांच्या अंगात एकच भिनलं: फाइल आपली, लोकांचा तिच्याशी संबंध नाही.

आपल्याकडे माहिती दडवल्याची गोष्ट निघाली की जुनी माणसं आणीबाणीचं सांगतात. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. काही वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते तुरुंगात गेले. दुर्गाबाई भागवत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. मंत्र्यांच्या उपस्थितीत त्या लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलल्या आणि पुढे त्यांनाही तुरुंगवास झाला. मृणालताई गोरे भूमिगत राहून काम करत होत्या, त्यांनाही पकडलं. मला त्या काळाचं एक नेहमी वाटतं. कोरी जागा दिसली की वाचणाऱ्याला कळायचं, इथे काहीतरी होतं आणि ते काढलंय. लोक मनातल्या मनात ती जागा भरायचे. १९७७ मध्ये मत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती मतपेटीतही भरली, दंडवते पुन्हा निवडून आले.

१९९३ मध्ये कोरी जागा कुठेच नव्हती. वर्तमानपत्रं मोकळी, निवडणुका वेळेवर, कोणी तुरुंगात नाही. पान भरून बातम्या: कोकणात अमेरिकेची कंपनी येणार, भारनियमन संपणार, नोकऱ्या मिळणार. एवढं छापून येत असताना कोणाला वाटेल की मुख्य कागदच आपण पाहिलेला नाही? कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी १९९५ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे सांगितलं की भारतातल्या लोकांना शिकवण्यावर आणि हा प्रकल्प जमवण्यावर आम्ही सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. तेव्हाच्या भावाने साठ कोटी रुपयांच्या वर. आता मला सांगा, साठ कोटींचं शिक्षण झालं, पण वेलदूरच्या कोळणीला कोणी करार वाचून दाखवला? मग शिकवलं कोणाला?

काही माणसांनी मात्र त्या कागदाचा पिच्छा सोडला नाही. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतले तरुण इंजिनीयर, गिरीश संत आणि त्यांचे सोबती, यांनी आकडे मिळवले, हिशेब मांडला आणि १९९५ मध्ये दाखवून दिलं की ही वीज मंडळाला झेपणार नाही. कामगार संघटना कोर्टात गेल्या. मृणालताई गोरे या वेळीही उभ्या राहिल्या, पासष्टी ओलांडलेली असताना.

मग आली १९९५ ची विधानसभा निवडणूक. शिवसेना-भाजप युतीने प्रचारात सांगितलं की आम्ही सत्तेवर आलो तर एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मतं दिली, सरकार बदललं. गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने चौकशी केली आणि म्हटलं की व्यवहार पारदर्शक नव्हता, स्पर्धेने भाव मागवले नव्हते. ३ ऑगस्ट १९९५ ला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. इकडे पेढे वाटले गेले असतील. पण नोव्हेंबरात कंपनीशी पुन्हा बोलणी सुरू झाली. काही दिवसांत, बंद दाराआड. विरोध करणाऱ्या कोणाला त्या खोलीत बोलावलं नाही. १९९६ च्या सुरुवातीला प्रकल्प परत मंजूर, आणि आधीपेक्षा मोठा. मे १९९६ मध्ये दिल्लीत तेरा दिवसांचं सरकार आलं, त्यानेही जाता जाता प्रतिहमीवर शिक्का मारला. एका पक्षाने करार केला, दुसऱ्यांनी तो मोडला आणि पुन्हा जोडला, कागद मात्र कपाटातच. मी कोणा एका पक्षाबद्दल बोलत नाहीये हे तुमच्या लक्षात आलं असेल. डिसेंबर १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कामगार संघटनेची याचिका फेटाळली. सरकार ज्या पद्धतीने वागलं त्यावर मात्र निकालपत्रात कडक लिहिलं. पण ताशेऱ्याने काम थांबत नाही.

याच्यापुढची गोष्ट बायकांची आहे, आणि आजचं भाषण मी खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

अंजनवेल, वेलदूर, रानवी, आरे, या गावांत घरटी एक तरी माणूस मुंबईला. उरलेले खाडीत नाहीतर समुद्रावर. गावात राहतात बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. त्यामुळे प्रश्न पडले ते बायकांना. कारखान्याचं गरम पाणी समुद्रात सोडणार, तर किनाऱ्याजवळचं म्हावरं राहील का? एवढ्या मोठ्या कामाला पाणी कुठून घेणार, आमच्या विहिरीतून? आंबा-काजूच्या मोहराला धूर सोसेल का? हे प्रश्न अडाणीपणाचे नव्हते. यांची उत्तरं कुठल्या ना कुठल्या अहवालात असतीलच, पण ते अहवाल गावात, मराठीत, कोणी आणले नाहीत. विचारायला जमावं तर जमावबंदी. मुंबई पोलीस कायद्याखाली माणसांनी एकत्र जमायचं नाही असे हुकूम पुनःपुन्हा निघत होते. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी तिथेच मुक्कामाला. या बंदोबस्ताचा खर्च कंपनी सरकारला देत होती, हेही पुढे बाहेर आलं.

३ जून १९९७. मिरग तोंडावर आलेला, पुरुष मासेमारीला समुद्रावर. पहाटे पाचच्या सुमाराला पोलीस वेलदूरमध्ये शिरले. लोकांनी पुढे जे सांगितलं ते असं: घराची दारं तोडली, झोपलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. एक बाई न्हाणीत होती, तीन महिन्यांची गरोदर. तिला बाहेर ओढून मारलं. आईला बिलगलेल्या तिच्या दीड वर्षाच्या मुलीला लाथ बसली. त्या दिवशी दोन डझनांहून जास्त बायकांना पकडून नेलं. पुरुष कमीच होते, कारण घरी होतेच किती? पोलिसांचं आणि कंपनीचं म्हणणं अर्थातच वेगळं होतं. कंपनी म्हणायची, कायदा-सुव्यवस्था हा सरकारचा विषय, आमचा नाही.

त्या बाईचं नाव मी घेत नाही. ती आपल्यासारखीच संसारी बाई आहे, आज तिच्या मुलांचीही लग्नं झाली असतील. पण तिचं म्हणणं छापून आलं कुठे? जुलै १९९७ मध्ये लंडनच्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने अहवाल काढला. जानेवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ह्यूमन राइट्स वॉचने शंभराहून जास्त पानांचा अहवाल काढला. वेलदूरच्या बायकांचं म्हणणं इतकं सविस्तर मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. दोन्ही अहवाल इंग्रजीत. करार इंग्रजीत, आणि करारामुळे ज्यांनी मार खाल्ला त्यांची साक्षही इंग्रजीत. माझ्या भाचीने मला ती पानं वाचून, मराठी करून सांगितली. दोन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या संध्याकाळी ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मावशी, हे गुहागरात झालं? आपल्या गुहागरात?" ती चिपळूणच्या कॉलेजात शिकते. वेलदूर तिथून दीड तासावर.

तिचा दोष नाही. १९९७ मध्ये मी काय करत होते? मी तेव्हा माहेरी होते, वर्तमानपत्र घरी यायचं. गुहागरला लाठीमार झाल्याची बातमी वाचल्याचं अंधुक आठवतं. वाचून मी पान उलटलं. गुहागरचा प्रश्न, गुहागरवाले बघतील. रत्नागिरीत लोक असंच म्हणाले, साताऱ्यात आणि नागपुरात तर विचारायलाच नको. एव्हाना कराराची बरीच माहिती फुटली होती. प्रयासचे हिशेब, कोर्टातली कागदपत्रं, वर्तमानपत्रातले लेख, सगळं बाहेर होतं. दडवलेलं फारसं उरलं नव्हतं. वाचणारे मात्र तेव्हाही मूठभरच होते.

मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. युनिटला दोन रुपयांच्या आसपास पडेल असं सांगितलेली वीज २००० साली काही महिन्यांत सात रुपयांच्या वर गेली. ते टेम्पोचं भाडं आठवा: मंडळाला वीज जेवढी कमी घ्यावी लागली तेवढं प्रत्येक युनिटवरचं भाडं वाढत गेलं. आणि कमी घ्यावी लागली कारण महाग होती. मंडळाचे पैसे संपत आले. २९ मे २००१ ला मंडळाने वीज घेणं थांबवलं, कारखाना बंद पडला. त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळं जाहीर केलं. कळलं असं, की कंपनीने आपली कर्जं हिशेबात दाखवलीच नव्हती, स्वतःच्या भागधारकांपासून लपवली होती. तिथल्या हजारो कामगारांची म्हातारपणाची पुंजी बुडाली. अमेरिकेत तर माहितीचा कायदा १९६६ पासून आहे, पण तो सरकारी कागदांपुरता. कंपनीची वही त्यांनाही बंद.

२००१ मध्येच माधव गोडबोले समितीने सरकारला अहवाल दिला. तो म्हणतो की चूक एका सरकारची नाही. केंद्र आणि राज्य, वेगवेगळ्या पक्षांची सरकारं, एकामागून एक चुकत गेली. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाची सरकारी कंपनी काढून कारखाना पुन्हा उभा केला गेला. कधी चालतो, कधी गॅस नाही म्हणून थांबतो. या सगळ्याचे पैसे कोणी भरले ते सांगायला नको. वेलदूरच्या बाईनेही भरले, आणि १९९७ मध्ये पान उलटणाऱ्या माझ्यासारखीनेही.

आता थोडं राजस्थानात जाऊ या. कारण आपल्याकडे करार कपाटात होता, त्याच वर्षांत तिकडे कपाट उघडायचं काम चाललं होतं. देवडुंगरी नावाच्या लहानशा गावात अरुणा रॉय आणि त्यांचे साथी मजूर-शेतकऱ्यांसोबत राहत होते. दुष्काळी कामावर जाणाऱ्या बायकांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती. विचारलं तर सांगायचे, मस्टरवर तुमचं काम कमी लागलंय. मग दाखवा मस्टर! ते म्हणायचे, ते सरकारी गुपित आहे. मातीच्या टोपल्या किती उचलल्या हे गुपित, बघा! एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर शहरात हे लोक धरणं धरून बसले ते चाळीस दिवस. गावागावांतून धान्य यायचं, त्यावर जेवण व्हायचं. त्यांची मागणी पैशाची नव्हती. बिलांच्या आणि मस्टरच्या नकला द्या, एवढीच. पुढारी, पत्रकार आधी हसले, मग येऊन बसले. अक्षर न येणाऱ्या बायकांना कागदाचं मोल कळलं होतं, कारण त्यांचा संसार त्या कागदावर अडकला होता.

महाराष्ट्रात २००२ चा माहिती अधिकार कायदा झाला. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळायला अण्णा हजारे यांना २००३ मध्ये उपोषण करावं लागलं. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा कागद, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. व्यापारी गुपिताचं कारण याही कायद्यात आहे, पण जनतेचं हित मोठं असेल तर माहिती द्यावी असंही त्यातच लिहिलंय. विजेचंही तसंच: राज्याचा वीज नियामक आयोग १९९९ मध्ये आला. आता दर वाढवायचे तर आधी वर्तमानपत्रात सूचना येते, कोणीही हरकत पाठवू शकतं, जाहीर सुनावणी होते. वेलदूरच्या बायकांना यातलं काही मिळालं नव्हतं. तुमच्यापैकी किती जणींनी अशी हरकत पाठवलीय? मी तरी नाही. सूचना येते ती बारीक अक्षरात, आणि त्या पानात आपण भाकरी बांधून देतो.

हा कायदाही आहे तसाच राहील असं समजू नका. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी दुसरा कायदा झाला, त्याने माहिती अधिकारातलं एक कलम बदललं. खासगी माहिती आहे असं सांगून नकार देणं आता सोपं झालंय, अशी या कामातल्या लोकांची तक्रार आहे. तेवढ्यावरून आपल्याकडे कुठे मोर्चा निघाल्याचं मी ऐकलं नाही.

आता आमच्या वाडीचं सांगते आणि थांबते. गावाचं नाव नको. नळपाणी योजनेची टाकी बांधून झाली, पाइप आले, आणि आमच्या वरच्या वाडीला पाणी चढेना. आमच्या गटातल्या बायका दोन उन्हाळे बडबडत होत्या. "यांनी आपल्याला विचारलंच नाही." शेवटी गटातल्या शिकलेल्या सुनेने अर्ज लिहिला: टाकीच्या जागेचा ठराव, अंदाजपत्रक आणि त्या सभेचं हजेरीपत्रक यांच्या नकला मिळाव्यात. ग्रामसेवकांनी कटकट केली नाही, हे सांगायला हवं. सत्ताविसाव्या दिवशी कागद आले. चौदा पानं, पानाला दोन रुपये, अठ्ठावीस रुपये गटाच्या पैशांतून दिले.

पडवीत बसून आम्ही ते वाचले. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. नसली तर सभा तहकूब होते. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तेवढी माणसं लागत नाहीत. असतील तितक्यांत ठराव होतो, आणि तो पक्का असतो. आमच्या टाकीच्या जागेचा ठराव असाच झालेला. पहिल्या दिवशी गणपूर्ती नाही, तहकूब. दुसऱ्या वेळी हजर अकरा. त्यांत बायका दोन, दोघी ग्रामपंचायत सदस्य. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते, तिचीही नोंद होती. तिला हजर चौघी. नोटीस शाळेच्या फळ्यावर लावल्याची आणि दवंडी दिल्याची नोंदही होती. कोणी काही लपवलेलं नव्हतं.

सुनेने तारीख मोठ्याने वाचली. कोणीतरी म्हणालं, तो आठवडा काजू गोळा करायचा होता. मीही त्या दिवशी खळ्यात बिया वाळत घालत होते. दवंडी मी ऐकली होती. शाळा माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे.

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग आमच्या गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजी, ज्यांना सही येत नाही, अंगठा उठवतात, त्यांनी हजेरीचा कागद मागून घेतला आणि त्यावरचे अंगठे मोजले. एकच होता. "हा कोणाचा?" त्यांनी विचारलं. खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाबांचा होता. "त्यांच्याकडे पाणी येतं," आजी म्हणाल्या, आणि कागद परत दिला.

येत्या महिन्यात पुढची महिला सभा आहे. विषयपत्रिकेवर तिसरा विषय आमच्या वरच्या वाडीची जादा पाइपलाइन असा आहे. तारीख सुनेने सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवली, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्या चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली आहे.